पुराच्या मॉडेलमध्ये माणसं आणि म्हशी कधी येणार? (सांगली-कोल्हापूर)

वारणाकाठ

'अलमट्टीची फूग' (कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाचं पाणी मागे फुगतं का) या धाग्यावर विषय भरकटला, तेव्हा दोघातिघांनी व्यनि (खासगी निरोप) करून सांगितलं की सिम्युलेशनवर, म्हणजे संगणकात पूर घडवून बघण्यावर, वेगळं लिही. म्हणून हा धागा. अलमट्टीवर भांडायचं असेल तर तो धागा अजून उघडा आहे.

मी शिकलो नदी-जलशास्त्र, पोटासाठी करतो दुसरंच. पुराची मॉडेलं चालवायची खोड मात्र सुटलेली नाही.

आधी आपल्याकडे काय आहे ते सांगतो, कारण 'सरकारकडे काहीच नसतं' हे ऐकून कंटाळा आलाय. कृष्णा-भीमा खोऱ्यासाठी जलसंपदा खात्याकडे पूर-अंदाजाची संगणक प्रणाली आहे. जागतिक बँकेच्या मदतीच्या हायड्रॉलॉजी प्रोजेक्टमधून, डेन्मार्कच्या डीएचआय या संस्थेकडून ती तयार करून घेतली. धरणांवर आणि नदीकाठी बसवलेली यंत्रं पाऊस आणि पातळी आपोआप पाठवतात. एक मॉडेल पाणलोटातून किती पाणी येईल ते काढतं, दुसरं ते पाणी नदीतून पुढे सरकवतं. कोयनेतून आता अमुक विसर्ग सोडला तर कराडला कधी, भिलवडीला कधी, सांगलीच्या आयर्विन पुलाला किती फूट, हे त्यातून निघतं. घरी बसून करायचं असेल तर अमेरिकन लष्कराच्या अभियंता विभागाचं हेक-रास हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आपली कॉलेजची पोरं प्रोजेक्टला तेच वापरतात.

आता मॉडेल चुकतं कुठे? पहिली गोष्ट जमीन. उपग्रहावरून मिळणाऱ्या उंचीच्या नकाशात दोन-चार मीटरची चूक सहज असते. डोंगरात ती खपून जाते. शिरोळ तालुक्यासारख्या सपाट रानात एका मीटरच्या चुकीनं आख्खी शिवारं नकाशावर कोरडी राहतात. विमानातून लेसरनं केलेली मोजणी हवी, ती महाग.

दुसरी गोष्ट ऊस. नदीचं पाणी पात्राबाहेर पडलं की रानातून वाहतं, आणि रान त्याला किती अडवतं यासाठी मॅनिंगचा एक आकडा घालावा लागतो. पुस्तकात उभ्या पिकासाठी ०.०४ च्या आसपास दिलेला असतो. तो आकडा बसवणाऱ्यानं ऑगस्टमधला आडसाली ऊस पाहिलेला नसणार! त्या फडात माणूस आडवा होऊन शिरतो, पाणी काय सरळ जाणार? हा आकडा थोडा वाढवला की पातळी वर सरकते आणि पूर ओसरायला जास्त वेळ लागतो. त्यात रस्त्यांचे भराव. पुलाला मोरी किती, भराव किती लांब, हे कागदावर एक आणि जागेवर दुसरं.

पण हे सगळं सुधारता येतं, आणि सुधारतंय. माझं दुखणं पुढचं आहे. मॉडेल आयर्विनला किती फूट हे सांगून थांबतं. त्यापुढे माणसं काय करतील, हे कुठेच नाही.

२००५ ला सांगलीत ५३ फुटांच्या वर पाणी गेलं. त्यानंतर प्रत्येकाच्या डोक्यात एक रेघ पक्की बसली: आमच्या पायरीला लागलं होतं, आत नाही आलं. २०१९ ला इशारे आले तेव्हा लोकांनी फूट मोजले नाहीत, ती रेघ मोजली. पाणी ५७ च्या वर गेलं आणि ज्यांची पायरी सुटली होती त्यांना माडी गाठावी लागली. २०२१ ला पाणी ५५ च्या आसपास आलं, पण तोवर रेघ बदलली होती. माणसं आणि जनावरं बरीच आधी हलली. दोन वर्षांत नदी बदलली नव्हती, धरणं तीच होती, फरक पडला तो लोकांच्या आठवणीत. आपलं कुठलं मॉडेल हे धरतं?

जगात यावर भरपूर काम झालंय. मॉडेलमध्ये प्रत्येक कुटुंब म्हणजे नाटकातल्यासारखं एक स्वतंत्र पात्र. त्याला घर, जनावरं, गाडी आहे की नाही, म्हातारं माणूस, मागच्या पुराची आठवण हे सगळं द्यायचं, आणि मग पाणी वाढवत न्यायचं. कोण कधी निघतं, कुठल्या रस्त्यानं, रस्ता त्याआधी बुडतो का, ते बघायचं. इशारा कानावर पडला म्हणून लगेच कुणी उठत नाही. शेजारी काय करतोय बघतो, भावाला फोन लावतो, नदीवर एक चक्कर मारून येतो. हा वेळ अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलाय, आणि आपल्या आराखड्यात तो शून्य धरलेला असतो.

तर मंडळी, तुमच्या गावात निघायचा निर्णय नेमका कोण आणि कशावरून घेतं? ते लिहा.

मिरजकर

लेख चांगला. पण राव, मॉडेलवर कोट्यवधी घालण्यापेक्षा बोटी घ्या. ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ ला काय झालं ते विसरलात का? नावेत मावतील त्यापेक्षा जास्त माणसं बसली, नाव उलटली, बाया-पोरं गेली. तिथं मॉडेल काय करणार होतं?

वारणाकाठ

@मिरजकर, विसरलो नाही. ब्रह्मनाळ हेच माझं उदाहरण आहे. नावेत इतकी गर्दी का झाली? सगळ्यांनी एकाच वेळी निघायचं ठरवलं म्हणून, आणि तोवर रस्ता गेला होता म्हणून. गावाचा रस्ता किती फुटाला बुडतो, त्याआधी किती तास मिळतात आणि त्या तासांत ट्रॅक्टरनं किती माणसं निघतात, हे गणित आधी मांडलं तर नावेवर येणारा भार कमी होतो. मग उरलेल्यांसाठी किती बोटी लागतील तेही कळतं. बोटी घ्याच. पण किती आणि कुठे उभ्या करायच्या, हे अंदाजपंचे नको.

तात्या_शिरोळ

निर्णय कोण घेतं विचारताय? आमच्यात म्हैस घेते.

चेष्टा नाही. घरात दोन दुभत्या म्हशी, एक गाभण, दोन रेडकं. बायकापोरं पाहुण्याकडं जातील हो, एक फोन केला की झालं. जनावराला कोण पाहुणा ठेवून घेतो? छावणीत दावण मिळणार का, चारा ओला का वाळला, आणि धार काढली तर दूध घालायचं कुठं? संकलन बंद असतंय. ह्याचं उत्तर मिळंस्तोवर घरचा कर्ता माणूस हलत नाही. तो हलत नाही म्हणून म्हातारी हलत नाही. तिच्यासाठी एक सून मागं राहती. अशी पाच माणसं मागं राहतात दोन म्हशींपायी.

आणि वेळ लागतो हे साहेबांना कळत नाही. नवख्या माणसाला वाटतं ट्रॉली लावली की जनावर चढलं. फळ्या टाकाय लागतात, फळीवर माती नाहीतर पाचट पसराय लागतंय, नाहीतर खूर घसरतो. एक बिथरली की बाकीच्या पाय रोवतात. त्यात पाऊस आणि अंधार. एका घराला तास धरा. गल्लीत ट्रॉल्या किती? साखर कारखाना बंद असतो म्हणून ट्रॉल्या मोकळ्या असतात, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

वारणाकाठ

तात्या, हे सोन्यासारखं आहे. 'एका घराला एक तास, गल्लीत ट्रॉल्या किती' हा आकडा मॉडेलमध्ये टाकायच्या लायकीचा आहे. पाणलोटाचे आकडे मिळतात, हा कुठेच मिळत नाही.

चावडीवरून

महसूल खात्यात नोकरी करून निवृत्त झालो. दोन गोष्टी सांगतो.

एक, वरून येतो तो आकडा क्यूसेकचा, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी. अमुक धरणातून अमुक हजार क्यूसेक विसर्ग, नदीकाठच्या लोकांनी सतर्क राहावे. हा निरोप तलाठी, पोलीस पाटील, सरपंच असा खाली जातो, आता व्हॉट्सॅपवर. क्यूसेक कुणाला कळतो? गावाला हवं असतं ते इतकंच: उद्या दुपारी स्मशानभूमीला पाणी लागेल, रात्री वेशीवर. हे भाषांतर करणारा माणूस आराखड्यात कुठेच नेमलेला नाही. ज्या गावात जुना कोतवाल किंवा नावाडी शहाणा असतो तिथे तो करतो.

दोन, राधानगरी. तिथले सात दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, साहेबाच्या सहीची वाट बघत नाहीत. त्यामुळे 'दरवाजे उघडल्यानंतर इशारा द्यावा' अशी वाक्यं जिथे असतील तिथे ती खोडून 'धरणाची पातळी इतकी झाली की' असं लिहायला हवं. भोगावतीचं पाणी पंचगंगेत यायला फार वेळ लागत नाही.

रंगीत तालमीबद्दलही बोलायचंय, उद्या लिहितो.

बाहेरचा_पाव्हणा

मी बरीच वर्षं अमेरिकेत लुइझियानात होतो. तिथलं एक उदाहरण या धाग्यावर यायलाच हवं.

जुलै २००४ मध्ये बॅटन रूजला 'हरिकेन पॅम' नावाचा सराव झाला. खोटं वादळ, पण बारकाईनं रचलेलं: ताशी १२० मैल वारा, २० इंच पाऊस, न्यू ऑर्लीन्सच्या बांधांवरून पाणी शहरात. १३ पॅरिश, म्हणजे तिथले जिल्हे, केंद्राची आपत्ती संस्था फेमा, राज्य, सगळे एकत्र बसले. दहा लाखांवर लोक बाहेर काढावे लागतील, पाच-सहा लाख इमारतींचं नुकसान होईल असे अंदाज निघाले. आराखड्यात मृतांचा अंदाज ६० हजारांच्या वर होता.

तेरा महिन्यांनी, २९ ऑगस्ट २००५ ला, कतरीना आलं. शहराचा जवळपास ८० टक्के भाग पाण्याखाली. सरावातलं बरंचसं चित्र हुबेहूब खरं ठरलं. मृतांचा आकडा मात्र अंदाजाच्या कितीतरी खाली राहिला, आणि सरावात पाणी बांधांवरून येणार होतं, प्रत्यक्षात बांध फुटले.

मग अडलं कुठे? शहरात लाखभर लोकांकडे स्वतःची गाडी नाही, हे आधीच माहीत होतं. तरी वादळाआधी त्यांना कोण नेणार याचं उत्तर कागदावर अर्धवटच राहिलं. बसगाड्या होत्या, चालक नव्हते. चालकही त्याच शहरात राहत होते आणि आपापलं कुटुंब घेऊन निघून गेले होते. पाण्यात बुडालेल्या पिवळ्या बसगाड्यांची ती रांग जगभर छापून आली. सरावाची पुढची सत्रं पैशांअभावी रखडली होती, हे नंतरच्या संसदीय चौकशीत निघालं.

थोडक्यात, वारणाकाठ म्हणतात ते बरोबर. वादळाचं सिम्युलेशन उत्तम होतं, बसचालकाचं नव्हतं.

मिरजकर

बरं, मग मला सांगा, धरणं जुलैतच अर्धी रिकामी का ठेवत नाहीत? याला तर मॉडेल लागत नाही.

वारणाकाठ

@मिरजकर, यालाच सगळ्यात जास्त लागतं. कोयनेची साठवण १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यावर वीज आहे, उन्हाळ्यातलं सिंचन आहे. ऑगस्टमध्ये जागा मोकळी ठेवली आणि सप्टेंबर कोरडा गेला तर पुढच्या मे महिन्यात तुम्हीच इथे धागा काढाल! म्हणून प्रत्येक धरणाला तारखेनुसार पातळी ठरवून दिलेली असते. ती किती कडक पाळायची, हा खरा प्रश्न. त्यासाठी मागच्या तीस-चाळीस वर्षांचा रोजचा पाऊस मॉडेलमध्ये पुन्हा पाडून बघतात: असं चालवलं असतं तर किती वेळा पूर टळला असता, किती वेळा धरण अपुरं राहिलं असतं. दोन्ही बाजूंचं नुकसान समोर ठेवून मग ठरवायचं. एकाच धरणाचं करूनही भागत नाही. कोयना, वारणा, पंचगंगेवरची धरणं यांचे लोंढे सांगली आणि नृसिंहवाडीला एकाच वेळी पोचू नयेत, हे बघावं लागतं.

अलमट्टीग्रस्त

कितीही टाळा, अलमट्टी येणारच. कर्नाटक धरणाची पातळी ५१९.६ वरून ५२४.२५६ मीटर करायला निघालंय आणि तुम्ही म्हशी मोजताय.

वारणाकाठ

एकदाच उत्तर देतो. राज्य सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं २०१९ च्या पुराचा अभ्यास करून दिलेल्या अहवालात अलमट्टीला जबाबदार धरलेलं नाही. तो निष्कर्ष सगळ्यांनी मानलेला नाही, हेही खरं. उंची वाढवण्याचा प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि तो सिम्युलेशननेच सोडवण्यासारखा आहे: तेच मॉडेल, तोच २०१९ चा पाऊस, खालच्या टोकाला एकदा ५१९.६ आणि एकदा ५२४.२५६. मधले बंधारे, साचलेला गाळ, पुलांचे भराव धरून. आणि त्यातले आकडे दोन्ही राज्यांनी उघड करायचे. जाहीर सभेत टाळ्या मिळतात, त्याचा इथे उपयोग नाही. पुढचं त्या धाग्यावर.

निलांबरी

मी परिचारिका आहे. दवाखान्यांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

पुरात दवाखाना 'हलवायचा' म्हणजे काय, हे आराखड्यात एका ओळीत असतं. जनरेटर तळमजल्यावर, ऑक्सिजनची टाकी मागच्या बाजूला खाली, औषधांचं भांडार तळघरात. वरच्या मजल्यावर रुग्ण सुरक्षित, पण वीज गेली की व्हेंटिलेटर आणि मॉनिटर किती वेळ चालणार? ज्यांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा-तीनदा असतं, ते पुराआधी दवाखान्यात नसतात, आपापल्या गावात असतात. रस्ता बुडाला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांची अवस्था बिकट. नववा महिना लागलेल्या बायकांची यादी आशाताईंकडे असते, डायलिसिसवाल्यांची कुणाकडेच एकत्र नसते.

वारणाकाठदादा, तुमच्या त्या 'पात्रां'मध्ये अशी माणसं वेगळी धरता येतात का?

वारणाकाठ

येतात ताई, आणि धरायलाच हवीत. या पात्रांचं घड्याळ वेगळं चालतं. बाकीच्यांसाठी 'पाणी दारात कधी' हा प्रश्न, यांच्यासाठी 'रस्ता कधी बंद'. गाव कोरडं राहिलं तरी रस्ता बुडाला की ही माणसं अडकली. म्हणजे यांना बाकीच्या गावाच्या आधी हलवायचं, पाऊस पडत असताना, नदी पात्रात असतानाच. यादी मात्र तुमच्यासारख्यांनीच करायची, संगणक ती आणणार कुठून?

कोडर_पोरगं

इंजिनिअरिंगला आहे. आमच्या सरांनी रोबोकप रेस्क्यूबद्दल सांगितलं होतं. जपानमध्ये १७ जानेवारी १९९५ ला कोबेचा भूकंप झाला, सहा हजारांवर लोक गेले, त्यातून ही कल्पना निघाली. संगणकात शहर असतं, इमारती कोसळतात, आगी लागतात. अग्निशामक दल, रुग्णवाहिका आणि रस्ते मोकळे करणारे पोलीस यांचे प्रोग्रॅम तुम्ही लिहायचे. २००१ पासून स्पर्धा होतात. मजा म्हणजे त्यांना एकमेकांशी पोटभर बोलता येत नाही, निरोपावर मर्यादा असते. सगळ्यांनी एकाच आगीकडे धाव घेतली की हरलात. यात सांगलीचा नकाशा टाकून बघावा का?

वारणाकाठ

टाक की! नकाशा ओपनस्ट्रीटमॅपवरून मिळेल. आगीऐवजी पाणी धरावं लागेल, ते काम मोठं आहे. निरोपाची मर्यादा मात्र अजिबात काढू नकोस. पुरात टॉवर बंद पडतात, आपल्याकडे तो भाग सगळ्यात खरा आहे.

गोदाकाठची

अवांतर: नाशिकला पुढचा सिंहस्थ तोंडावर आहे. २००३ ची चेंगराचेंगरी आठवते म्हणून विचारते, गर्दीचं असं काही करतात का?

वारणाकाठ

करतात, आणि ते शास्त्र पुराच्या मानानं पुढे आहे. डिर्क हेल्बिंग आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवलं की दाराशी सगळे घाईनं रेटले की बाहेर पडायला उलट जास्त वेळ लागतो. मक्केजवळ जमरातच्या पुलावर २००६ ला चेंगराचेंगरी झाली, त्यानंतरच्या नियोजनात या अभ्यासाचा वापर झाला: एकेरी वाटा, गटांना वेळा ठरवून देणं, नवा बहुमजली पूल. तरी २०१५ ला मिनामध्ये पुन्हा मोठी दुर्घटना झालीच. घाटाकडे जाणाऱ्या गल्ल्या किती रुंद आणि परतीची वाट वेगळी आहे का, इथून सुरुवात करा.

चावडीवरून

काल म्हटलं तसं, तालमीबद्दल. नदीघाटावर तालीम होते ती लख्ख उन्हात, सकाळी अकराला. बोट उतरते, एक जवान बुडाल्याचं नाटक करतो, त्याला काढतात, फोटो, चहा. जवानांचा सराव होतो, तो हवाच. पण यंत्रणेचा होत नाही.

आम्ही एकदा टेबलावरची तालीम केली होती. सगळे खातेप्रमुख एका खोलीत, आणि एक जण दर थोड्या वेळानं चिठ्ठी देणार. पहिली चिठ्ठी: रात्रीचे १:४०, अमुक गावचा रस्ता बुडाला. दुसरी: तुमच्याकडे दोन बोटी, एकीत पेट्रोल नाही, पंप बंद. तिसरी: दोनशे माणसं शाळेत आणली आहेत, शाळेला कुलूप आहे. किल्ली कुणाकडे?

या तिसऱ्या चिठ्ठीवर खोली गप्प झाली. मुख्याध्यापक तालुक्याच्या गावी राहतात, शिपाई पूरग्रस्त गल्लीतला. त्या दुपारी काय झालं असेल तर एवढंच, की किल्लीची दुसरी प्रत पोलीस पाटलाकडे ठेवायचं ठरलं. संगणक नव्हता, खर्च चहाचा. असं दर मे महिन्यात प्रत्येक तालुक्यात व्हावं.

मिरजकर

ही चिठ्ठ्यांची तालीम पटली बुवा. बोटींचा मुद्दा माझा कायम.

तात्या_शिरोळ

वारणाकाठ, एक विचारतो. आयर्विनला इतके फूट, कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याला इतके फूट, ह्यावरनं माझ्या गोठ्याला पाणी कधी लागंल ते कळंल का? खांबावर तशी खूण करता येती का?

वारणाकाठ

येते, पण थेट उंची मोजून नाही. पुराचं पाणी तळ्यासारखं सपाट नसतं, त्याला उतार असतो. म्हणून आयर्विनचे ५० फूट म्हणजे तुमच्या गावात नेमकी किती उंची, हे मॉडेलमधून काढायचं आणि जुन्या खुणांशी ताडून बघायचं. शिवाय तुमच्याकडे पंचगंगेचं पाणीही येतं, तेव्हा राजारामचा आकडाही धरावा लागेल. २०१९ आणि २०२१ च्या खुणा गावात कुठे शिल्लक आहेत का?

तात्या_शिरोळ

देवळाच्या खांबावर दोन्ही रेघा आहेत, ऑइलपेंटनं मारल्यात, तारखेसकट. २००५ ची रंगकामात गेली.

वारणाकाठ

दोन पुरेत. मी ऑटो लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) घेऊन येतो, देवळापासून गोठ्यापर्यंत आणि खालच्या रस्त्यापर्यंत पातळ्या घेऊ. रस्त्यावरची सगळ्यात खोलगट जागा आधी दाखवा. स्टाफ, म्हणजे आकडे लिहिलेली उभी पट्टी, धरायला एक माणूस लागेल.

तात्या_शिरोळ

पोरगं देतो. रविवारी या, पण दुपारच्या धारंच्या आधी.